दम लागला, पण कागदावर दिसला नाही : भूमसारख्या गावातून हॉस्पिटलच्या फाइल्सचं काम कसं सुरू करायचं?



भूमच्या बैठकीचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात अगदी शेवटी एक मुलगी उभी राहते आणि विचारते, "सर, मेडिकल कोडिंगचा कोर्स करू का? पन्नास हजार मागतायत. घरबसल्या काम देतो म्हणतात." तेव्हा वेळ संपत आली होती. मी म्हणालो, "ताई, याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही. लिहून देतो." तर हे घ्या उत्तर. तिच्यासाठी लिहिलंय, पण असाच प्रश्न मनात घेऊन बसलेले तुम्ही बरेच जण आहात, म्हणून तुमच्यासाठीही.

बैठक संपल्यावर मी तिला एवढंच विचारलं, की हे कोडिंगचं तुझ्या डोक्यात आलं कुठून? त्यावर तिनं जे सांगितलं, तेच आजच्या लेखाचं मूळ आहे.

४६ हजारांचा प्रश्न

तिच्या घरची खव्याची भट्टी आहे. भूम तालुक्यात हे नवीन नाही; आपल्याकडचा खवा कुठं कुठं जातो हे तुम्हाला माहीतच आहे. आई तीस वर्षं लाकडाच्या भट्टीपुढं बसून दूध आटवतेय. विडी नाही, तंबाखू नाही, पण भट्टीचा धूर छातीत गेला आणि सीओपीडी झाला. म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या. एका रात्री आईला एवढा दम लागला की वाक्य पूर्ण बोलता येईना. गावातल्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं ऑक्सिजन लावला, रेफरची चिठ्ठी दिली आणि १०८ गाडीतून मोठ्या गावच्या एका खासगी हॉस्पिटलला हलवलं. आयसीयूत तीन दिवस बायपॅप मशीन लागलं. आई वाचली.

ते हॉस्पिटल सरकारी योजनेत नव्हतं, पण घरच्यांनी मेडिक्लेम काढला होता. बिल झालं १ लाख ३८ हजार. कंपनीनं मंजूर केले ९२ हजार. उरलेल्या ४६ हजारांपुढं शेरा होता, "आयसीयू आणि बायपॅपची गरज कागदपत्रांवरून दिसत नाही."

आता बघा, आई डोळ्यांदेखत गुदमरत होती. डॉक्टरांनी योग्य तेच केलं. तरीही कागद म्हणतो, गरज दिसत नाही. वडिलांनी खव्याच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि बिल भरलं.

पोरगी बी.एस्सी. झालेली. ती गप्प बसली नाही. हॉस्पिटलमधून केस पेपरची प्रत मागितली आणि एक एक पान वाचलं. तिला काय सापडलं?

पहिलं, भरती होतानाच्या नोंदीत सॅच्युरेशन लिहिलं होतं ९४. कंपनीच्या डॉक्टरांनी हाच आकडा धरला. ९४ असलेल्या माणसाला आयसीयू कशाला? पण ते ९४ ऑक्सिजन चालू असतानाचं होतं. "ऑक्सिजनवर" हा एक शब्द लिहायचा राहिला होता.

दुसरं, धमनीतल्या रक्ताची तपासणी झाली होती, तिला एबीजी म्हणतात. पण त्याची मशीनची चिठ्ठी थर्मल कागदावर असते, एटीएमच्या पावतीसारखी. ती फिकी पडली होती. फाइलमध्ये जवळजवळ कोरा कागद लागला होता.

तिसरं, डिस्चार्ज कार्डावर निदान एवढंच होतं की सीओपीडीचा त्रास अचानक वाढला. श्वसनक्रिया निकामी होण्यापर्यंत, म्हणजे रेस्पिरेटरी फेल्युअरपर्यंत गोष्ट गेली होती, हे कुठंच शब्दांत नव्हतं.

चौथं, सिस्टरच्या चार्टवर दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं होतं, "पेशंट आरामात." मशीन लावल्यामुळे आरामात, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

मग तिनं उलट्या दिशेनं शोध घेतला. गावातल्या दवाखान्याच्या रेफर चिठ्ठीवर, ऑक्सिजन लावायच्या आधीचं सॅच्युरेशन होतं ८२. लॅबच्या रजिस्टरमध्ये एबीजीचे आकडे हातानं उतरवलेले होते. पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ६४, ऑक्सिजन ७१, तेही दोन लिटर ऑक्सिजन चालू असताना. हे सगळं घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फाइल पाहिली, कपाळावर हात मारला आणि खुलाशाचं पत्र दिलं. त्यात आजची तारीख टाकली, सही केली आणि "ॲक्यूट टाइप दोन रेस्पिरेटरी फेल्युअर" असं स्वच्छ निदान लिहिलं. फेरविचाराचा अर्ज गेला. ४६ पैकी ४१ हजार परत आले. बाकीचे मास्क, ग्लोव्हज असल्या पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तूंचे होते.

मित्रांनो, ती मुलगी विचारत होती कोडिंगचा कोर्स करू का. आणि तिनं या धंद्याचं मुख्य काम आधीच एकदा करून दाखवलं होतं!

कोडिंग म्हणजे नेमकं काय?

जगातल्या प्रत्येक आजाराला एक क्रमांक दिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी, आयसीडी. तिची दहावी आवृत्ती आपल्याकडे चालते. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झाली आहे, पण रोजच्या क्लेमच्या कामात तुम्हाला दहावीच भेटेल. अमेरिकेनं त्याच दहाव्या यादीची स्वतःची सविस्तर आवृत्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरायला घेतली.

डॉक्टरांनी जे लिहिलं ते वाचून योग्य क्रमांक लावायचा, हे कोडरचं काम. आणि हे फक्त अमेरिकेचं काम आहे असं समजू नका. आपल्या मेडिक्लेमच्या क्लेम फॉर्मचा "भाग ब" कधी पाहिलाय? तो हॉस्पिटलनं भरायचा असतो. त्यात मुख्य निदान, जोडीचं निदान आणि आधीपासूनचे आजार, प्रत्येकापुढं आयसीडी क्रमांकाचा रकाना आहे. छोट्या हॉस्पिटलांत हा रकाना कोण भरतं? बिलिंगला बसलेला मुलगा, गुगल करून! किंवा रिकामाच जातो.

रेस्पिरेटरी फेल्युअरचंच उदाहरण घेऊ. याचा गट आहे जे ९६. जे ९६.० म्हणजे ॲक्यूट, अचानक आलेलं. जे ९६.१ म्हणजे क्रॉनिक, जुनाट. अमेरिकन यादीत जे ९६.२ म्हणजे जुनाटावर अचानक वाढलेलं. जे ९६.९ म्हणजे डॉक्टरांनी काहीच स्पष्ट केलं नाही. त्यानंतरचा अंक सांगतो की रक्तात ऑक्सिजन कमी पडला, का कार्बन डायऑक्साइड साठला. अमेरिकन यादीत जे ९६.०१ म्हणजे अचानक आलेलं, ऑक्सिजन कमी झालेलं, जे ९६.०२ म्हणजे अचानक आलेलं, कार्बन डायऑक्साइड वाढलेलं. आपले डॉक्टर यालाच टाइप एक आणि टाइप दोन म्हणतात. पण एक खड्डा लक्षात ठेवा. मूळ यादीत आणि अमेरिकन यादीत या शेवटच्या अंकाचा अर्थ सारखा नाही. म्हणून कामाला हात घालण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा, "कोणती यादी वापरायची?"

अमेरिकेत या एका शब्दावर किती पैसा फिरतो बघा. तिथं भरती पेशंटचं बिल निदानांच्या गटावर ठरतं. "ॲक्यूट" लिहिलं तर ते सर्वांत गंभीर जोड-आजारांच्या वर्गात जातं, नुसतं "क्रॉनिक" लिहिलं तर त्याखालच्या वर्गात. म्हणूनच रेस्पिरेटरी फेल्युअर असलेल्या फाइल्स तिथले विमावाले भिंगातून तपासतात. आकडे जुळले नाहीत की पैसे परत मागतात.

आकडे काय सांगतात

तुम्ही डॉक्टर नाही आणि व्हायचंही नाही. पण फाइल वाचायची तर चार आकडे ओळखीचे हवेत.

साध्या हवेत श्वास घेताना धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० च्या खाली गेला, तर तो ऑक्सिजन कमी पडल्याचा प्रकार. बोटाला लावायच्या मशीनवर हे साधारण सॅच्युरेशन ९० च्या आसपास येतं. कार्बन डायऑक्साइडचा दाब ५० च्या वर (काही पुस्तकं ४५ धरतात) आणि सोबत पीएच ७.३५ च्या खाली, तर तो कार्बन डायऑक्साइड साठल्याचा अचानक प्रकार.

आणि पेशंट आधीच ऑक्सिजनवर असेल तर? तेव्हा डॉक्टर एक भागाकार करतात. रक्तातला ऑक्सिजन भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण. आपल्या ताईच्या आईचा ऑक्सिजन ७१ होता, दोन लिटरवर. नाकातल्या नळीनं दोन लिटर म्हणजे हवेत अंदाजे २८ टक्के ऑक्सिजन. ७१ भागिले ०.२८ केलं की येतात सुमारे २५४. हा आकडा ३०० च्या खाली असला की डॉक्टर सावध होतात. म्हणजे वरवर ७१ ठीक दिसतो, ९४ सॅच्युरेशनही ठीक दिसतं, पण ऑक्सिजन किती लिटर चालू होता हे लिहिलं असेल तरच खरी अवस्था कळते.

सगळ्यात मोठा नियम : डॉक्टरांच्या तोंडात शब्द घालायचा नाही

आता नीट ऐका. इथंच बरेच जण घसरतात.

फाइलमध्ये कार्बन डायऑक्साइड ६४ दिसतोय, बायपॅप दिसतोय. डॉक्टरांनी मात्र "रेस्पिरेटरी फेल्युअर" लिहिलेलं नाही. तुम्ही क्रमांक लावू शकता का? नाही. आकड्यांवरून निदान करण्याचा अधिकार कोडरला नाही. निदान डॉक्टरांनी लिहिलेलंच हवं. तुम्ही काय करू शकता? प्रश्न विचारू शकता. त्याला या व्यवसायात क्वेरी म्हणतात.

चुकीची क्वेरी अशी असते : "सर, रेस्पिरेटरी फेल्युअर लिहा ना, म्हणजे क्लेम पास होईल."

बरोबर क्वेरी अशी : "सर, या पेशंटचं भरतीआधीचं सॅच्युरेशन साध्या हवेत ८२ आहे. एबीजीत पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ६४. तीन दिवस बायपॅप चालला. ही उपचाराची गरज कोणत्या निदानामुळे होती, ते कृपया आपल्या वैद्यकीय मतानुसार नोंदवावं."

फरक कळला? पहिल्यात तुम्ही उत्तर सांगताय आणि पैशाचं आमिष दाखवताय. दुसऱ्यात तुम्ही पुरावा समोर ठेवताय आणि निर्णय डॉक्टरांवर सोडताय. डॉक्टर म्हणाले, "नाही, हे त्यात बसत नाही", तर तिथं विषय संपला.

आणि दुरुस्ती करायची तर आजच्या तारखेनं, आजच्या वेळेनं, सहीनिशी. जुन्या पानावर खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, मागची तारीख नाही. तुम्ही भूमचे आहात, तुम्हाला खव्याच्या भाषेत सांगतो. दूध आटवून खवा होतो तसं पानापानांच्या फाइलमधून एक निदान आणि एक क्रमांक निघतो. आटवणं तुमचं काम. त्यात पीठ मिसळलं तर वजन वाढेल, पण आयोडीनचा एक थेंब टाकला की निळं पडतं. विमा कंपन्यांकडे आणि योजनेच्या कार्यालयात असा थेंब टाकणारी माणसं पगारावर बसलेली आहेत. पकडलं गेलं तर हॉस्पिटल यादीतून बाहेर जाऊ शकतं, आणि तुमचं नाव पंचक्रोशीत कायमचं खराब होतं.

तेच शब्द, पण दुसऱ्या कागदावर निरुपयोगी

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हेच "रेस्पिरेटरी फेल्युअर" क्लेमच्या कागदावर लिहिलं नाही म्हणून ताईच्या घरचं नुकसान झालं. पण मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर नुसतं तेवढंच लिहिलं, तर नुकसान होतं!

हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४ भरतात. हॉस्पिटलबाहेर झाला तर नमुना ४-अ. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्याखालचे हे कागद. त्यात ओळीनं लिहायचं असतं की शेवटी काय झालं, ते कशामुळे झालं आणि मुळात कोणत्या आजारापासून ही साखळी सुरू झाली. श्वास बंद पडणं, हृदय बंद पडणं हे मरण कसं आलं ते सांगतं, कशानं आलं ते सांगत नाही. शेवटी श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो.

कोविडच्या काळात हे आपल्या सगळ्यांच्या अंगावर आलं. २०२० मध्येच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं डॉक्टरांना मार्गदर्शन दिलं होतं, की मूळ कारण म्हणून कोविड-१९ लिहा, नुसतं रेस्पिरेटरी फेल्युअर लिहून थांबू नका. पुढं ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मृतांच्या कुटुंबांना मदत देण्यासाठी मार्गदर्शक सूचना करायला सांगितलं, आणि ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य ठरलं. मग कागद बघायची वेळ आली. मूळ कारणात कोविड नसेल तर कुटुंबाला पॉझिटिव्ह रिपोर्ट शोधायचा, ३० दिवसांच्या आतला मृत्यू दाखवायचा, जिल्ह्याच्या समितीपुढं दाद मागायची, एवढा फेरा. घरातलं माणूस गेलेलं, आणि त्यात झेरॉक्सच्या रांगा.

म्हणून सांगतो, कोणता कागद कशासाठी आहे हे ओळखणं, ही तुमची खरी विद्या. क्रमांक तर यादीत बघूनही सापडतो.

मग कोर्स करू का?

आता तुमच्या प्रश्नावर येतो. रस्ते दोन आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत.

पहिला रस्ता, अमेरिकन हॉस्पिटलांसाठी कोडिंग. ही मोठी बाजारपेठ आहे. चेन्नई, हैदराबाद इथं मोठी केंद्रं आहेत, पुणे-मुंबईतही आहेत. सीपीसी नावाची परीक्षा आहे. शंभर प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास. पास झालात तरी अनुभव नसेल तर नावापुढं शिकाऊ असल्याची खूण लागते. हा चांगला रस्ता आहे, पण हा नोकरीचा रस्ता आहे. पेशंटची माहिती जपण्याचे तिथले कायदे कडक आहेत. अमेरिकेतलं हॉस्पिटल भूममधल्या नवख्या माणसाच्या लॅपटॉपवर थेट फाइल पाठवणार नाही. म्हणून "कोर्स करा, घरबसल्या फाइल्स देतो, आधी डिपॉझिट भरा" असं कोणी म्हटलं, की तिथून उठून या. काम देणारा माणूस पैसे देतो, घेत नाही.

दुसरा रस्ता, तुमच्या आसपासच्या हॉस्पिटलांचं क्लेमचं कागदकाम. हा धंद्याचा रस्ता आहे. भूम, परांडा, वाशी, कळंब, बार्शी, धाराशिव या पट्ट्यात दहा-वीस खाटांची किती हॉस्पिटलं आहेत ते मोजा. मोठ्या हॉस्पिटलांत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोट्यांत डॉक्टरच सगळं बघतात, रात्री अकरा वाजता.

आणि वेळ अनुकूल आहे. २०२४ च्या मे महिन्यात विमा नियामकानं कंपन्यांना सांगितलं, की कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. पण फाइलच अपुरी असेल तर क्वेरी येते आणि बरा झालेला पेशंट पिशव्या भरून कॉटवर बसून राहतो. हॉस्पिटललाही ते नको असतं. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही पाच लाखांच्या संरक्षणासह सगळ्या कुटुंबांसाठी लागू झाली आहे. तिथं पैसे ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात, पण मंजुरीसाठी रिपोर्ट, एक्स-रे, चार्ट लागतातच. एक पथ्य मात्र पाळा. योजनेतल्या पेशंटकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. योजनेचा उपचार त्याला मोफत आहे. तुमचं गिऱ्हाईक हॉस्पिटल आहे, पेशंट नाही.

पहिले ९० दिवस

पहिला महिना : फक्त शिका. दोन्ही याद्या इंटरनेटवर फुकट आहेत. अमेरिकन यादीसोबत नियमांची पुस्तिकाही फुकट मिळते, दरवर्षी १ ऑक्टोबरला नवी येते. सगळे आजार शिकायला जाऊ नका. पाच घ्या : न्यूमोनिया, सीओपीडी, रेस्पिरेटरी फेल्युअर, डेंग्यू, हार्ट अटॅक. त्या पाचांत पक्के व्हा.

दुसरा महिना : ओळखीच्या एका डॉक्टरांकडे जा. म्हणा, "डॉक्टर साहेब, तुमच्या बंद झालेल्या वीस क्लेम फाइल्स इथंच बसून फुकट तपासून देतो. फोटो काढणार नाही, काही बाहेर नेणार नाही." आणि एका पानाचा अहवाल द्या. कुठं किती पैसे कापले, आणि कोणती नोंद नव्हती म्हणून कापले. डॉक्टरांना भाषण नको असतं, हे एक पान पुरतं.

तिसरा महिना : प्रत्येक आजारासाठी एक तपासयादी करून वॉर्डात लावा. रेस्पिरेटरी फेल्युअरची माझी यादी देतो, उतरवून घ्या आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या :

१. आल्या क्षणीचं सॅच्युरेशन. साध्या हवेत का ऑक्सिजनवर, किती लिटर, किती वाजता.
२. रेफर चिठ्ठी आणि १०८ ची नोंद फाइलला जोडली का? बऱ्याचदा ऑक्सिजनआधीचा आकडा तिथंच असतो.
३. मिनिटाला श्वास किती? वाक्य पूर्ण बोलता येतं का? गुंगी आहे का?
४. एबीजी कधी घेतली, तेव्हा ऑक्सिजन किती चालू होता. चिठ्ठीची झेरॉक्स त्याच दिवशी.
५. निदानात तीन गोष्टी आहेत का? ॲक्यूट का क्रॉनिक, कोणता प्रकार, कोणत्या आजारामुळे.
६. बायपॅप किंवा व्हेंटिलेटर कधी लावला, कधी काढला.
७. आयसीयूच्या प्रत्येक दिवशी एक ओळ, की आजही इथं का ठेवलंय.
८. भरतीच्या कागदावरचं निदान आणि डिस्चार्ज कार्डावरचं निदान जुळतं का? बदललं असेल तर कारण लिहिलंय का?

दर किती लावायचा?

आकडेमोड करून दाखवतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले तुम्ही टाका. समजा एका हॉस्पिटलच्या महिन्याला २० फाइल्स, फाइलमागे ३०० रुपये, झाले ६,०००. अशी तीन हॉस्पिटलं, १८,०००. पेट्रोल, इंटरनेट, झेरॉक्स मिळून ४,५०० वजा करा. हातात १३,५००. सुरुवातीला यापेक्षा मोठी स्वप्नं बघू नका. कर्ज काढू नका. लॅपटॉप आणि दुचाकी पुरते. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्या.

एक गोष्ट अजिबात करू नका. मंजूर रकमेवर टक्केवारी घेऊ नका. डॉक्टर स्वतःच म्हणतील, "जेवढं जास्त काढून देशील त्यातले पाच टक्के तुझे." गोड वाटतं. पण त्या दिवसापासून तुमचा हात फाइल फुगवण्याकडे जाणार. ठरलेला दर, फाइलमागे. क्लेम पास होवो वा न होवो.

आणि गुप्तता. पेशंटच्या फाइलचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवायचा नाही, घरी नेऊन टेबलावर ठेवायची नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. हॉस्पिटलशी साधा लेखी करार करा, की माहिती बाहेर जाणार नाही आणि कोणत्याही निदानाचा निर्णय तुमचा नसेल. गाव लहान आहे. कोणाच्या घरात काय आजार आहे हे तुमच्या तोंडून एकदा बाहेर गेलं, की धंदा त्या दिवशी बंद.

शेवटचं

तर ताई, पन्नास हजारांचा कोर्स आत्ता नको. नोकरीच करायची ठरली तर परीक्षेची माहिती थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून घे, आणि कोर्स विकणाऱ्याला एकच प्रश्न विचार, "मागच्या बॅचमधल्या दोघांशी माझं बोलणं करून द्याल?" पण त्याआधी तू ज्या डॉक्टरांकडून खुलाशाचं पत्र आणलंस, त्यांच्याकडेच परत जा. या वेळी आईची फाइल घेऊन नाही, वर दिलेली यादी घेऊन. त्यांना तुझं काम आधीच माहीत आहे. पहिलं गिऱ्हाईक याहून सोपं मिळत नाही.

आणि बाकी सगळ्यांनी या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी भरती झालं असेल, तर ती फाइल काढा. डिस्चार्ज कार्ड आणि भरतीचा कागद शेजारी ठेवून वाचा. काय जुळत नाही ते वहीत लिहा. पाच गोष्टी सापडल्या, तर हा धंदा तुम्हाला जमू शकतो. एकही सापडली नाही, तर पुन्हा एकदा सावकाश वाचा.

आणि हो, भट्टीवर बसणाऱ्या आईला, काकूला, आजीला दम लागत असेल तर आधी दवाखान्यात न्या. कागदाचं नंतर बघू.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा!